आक्कांचा हँडब्रेक

गाडी लावून झाली की आक्का हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढायच्या. विहिरीतून भरलेली घागर वर घ्यावी तसा, दात-ओठ खाऊन. मग खाली उतरायच्या, दार आपटायच्या, पदर खोचून बॉनेटसमोर उभ्या राहायच्या आणि गाडीवर बोट रोखून बजावायच्या, "हलायचं न्हाय."

कुलूप लावल्यावर ते पुन्हा पुन्हा ओढून बघणारी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. आक्का त्यातल्या नव्हत्या. त्या कुलपाला दम देणाऱ्यांतल्या होत्या. चुलीवरच्या दुधालाही त्या "उतू जायचं न्हाय" असं सांगूनच देवपूजेला बसत. दूध उतू जाई ते जाईच, पण मग त्याला बोलणी बसत. मी सकाळी पेपर मागायला त्यांच्या दारात गेलो तर मलाही तोच हुकूम असे. "हलायचं न्हाय. चहा टाकलाय." मी कधी हललो नाही.

आमच्या अनगोळच्या गल्लीत समोरच्याच घरात त्या एकट्या राहायच्या. माहेर निपाणीचं. आक्कांचे मालक वारले आणि मागे त्यांची छोटी पांढरी गाडी राहिली. आक्कांनी साठी उलटल्यावर गाडी शिकायची ठरवली, आणि पहाटे कॅम्पातल्या रुंद रस्त्यांवर शिकल्यासुद्धा. पहिल्याच आठवड्यात त्या हँडब्रेक न ओढता भाजी घेऊन घरात गेल्या. आमच्या गल्लीला उतार आहे. गाडी आपली निवांत मागे मागे येत माझ्या फाटकाला टेकली. फाटकाचं काही बिघडलं नाही, पण आक्कांच्या मनाला ते फार लागलं. तेव्हापासून दोन्ही हात आणि ते बोट.

त्यांचा धाकटा भाऊ निपाणीला असतो. आम्ही त्याला आप्पा म्हणतो. त्याला बहिणीच्या गाडी चालवण्याची धास्तीच होती. एकदा येऊन त्याने सरळ सांगितलं, "आक्का, कंग्राळीचं एक गिऱ्हाईक बघितलंय मी. गाडी देऊन टाकू. ह्या वयात हातपाय मोडून घेतीस काय?"

"मी दसऱ्याला चालवत येते निपाणीला," आक्का म्हणाल्या. "तुझ्या दारात. सोनं द्यायला."

"एकटी?"

"ह्याला घेते शेजारी बसायला," त्यांनी मला न विचारताच माझ्याकडे बोट केलं. "पण चाकाला हात लावू द्यायची न्हाय."

"आलीस तर गाडी तुझी. न्हाई आलीस तर दिवाळीच्या आत कंग्राळीला," आप्पा म्हणाला. सगळ्या गल्लीसमोर बोलणं झाल्यामुळे आता कुणालाच मागे फिरता येईना. आक्कांना गाडीचं एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण त्या गाडीतून त्या मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तिथे जात होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच. आम्हाला ते दिसत होतं, म्हणून आमचाही जीव टांगणीला लागला.

आता आक्कांच्या भक्तीविषयी. घटस्थापनेला त्यांनी घरात घट बसवले आणि दारात गाडी बसवली. बसवली म्हणजे अक्षरशः. पाईप लावून धुतली, ओलीचीच हळद-कुंकवाने पूजा केली, हँडब्रेक नेहमीपेक्षा जास्त जोर लावून ओढला आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. "आता दसऱ्यालाच उठवायची. घट मधेच हलवत न्हाईत," हा नियमही त्यांचाच. एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. पण घटाला रोज पाणी घालतात. तेव्हा आक्का रोज सकाळी अंघोळ करून चारी चाकांवर तांब्या तांब्या पाणी घालायच्या. मी गॅलरीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, वा, काय श्रद्धा!

दसऱ्याच्या सकाळी आक्का नवं इरकल नेसून गाडीत बसल्या. मी नवा पांढरा झब्बा-पायजमा घालून शेजारी बसलो. गल्ली निरोपाला उभी. हँडब्रेक खाली गेला, इंजिन सुरू झालं, पहिला गियर पडला आणि गाडीचा मागचा भाग खाली बसला. पुढे जाईना. आक्कांनी ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी नुसती जागच्या जागी डरकाळ्या फोडायला लागली.

"हँडब्रेक काढा की, आक्का!"

"काढलाय की, बघ की!"

बघितलं. काढलेलाच होता. मग गल्लीतल्या प्रत्येकाने तो एकदा ओढून एकदा सोडून पाहिला. कुणी म्हणालं बटण नीट दाबा, कुणी म्हणालं गाडी ढकला. ढकलली. सात-आठ जणांनी ढकलूनही गाडी अशी उभी, की जणू आक्कांनी तिच्या कानात खास काहीतरी सांगून ठेवलं होतं.

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. तो आला, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून. "पाना-हातोडी पूजेत हाईत, आक्का. दुपारी उठवल्याबिगर हात लावत न्हाय. तोंडानं सांगतो, तुम्ही करा."

दुपारी निघून निपाणीला सोनं वाटायच्या वेळेत पोचणं आक्कांच्या वेगाने शक्यच नव्हतं. तेव्हा तोंडाने तर तोंडाने. तो वाकून चाकात डोकावला. "दांडी खाली येतीय, म्हंजे तार बरी असंल. ब्रेकचं आतलं लायनिंग गंजून चाकातल्या ड्रमला चिकटलंय. ओली गाडी ब्रेक ओढून ठेवली की चिकटतंय. पण इतकं? कुणी रोज पाणी घातल्यागत झालंय."

सगळी गल्ली आक्कांकडे बघायला लागली.

"रोजच घातलंय," आक्का म्हणाल्या. "मग देवाला काय कोरडं बसवतात व्हय? थांब, आता कढत पाणी आणते, सुटंल."

गॅरेजवाल्याने पाठीमागचे हात सोडून पहिल्यांदा पुढे आणले आणि जोडले. "आक्का, आता पाणी नको."

ड्रमच्या कडेला ठोकायचं होतं. पण ठोकायचं कशाने? हातोड्या प्रत्येकाच्या घरात पूजेत. आक्कांची तर विळी, कात्री, खुरपं, सगळं फुलांखाली. शेवटी त्या स्वयंपाकघरातून लोखंडी बत्ता घेऊन आल्या. त्यावरूनही वाद झाला. बत्ता हत्यारात धरायचा की नाही?

"वेलदोडं कुटायचं ते कसलं रं हत्यार?" आक्का कडाडल्या आणि बत्ता माझ्या हातात आला. चाकांना दगड लावले. मी नव्या पायजम्यानिशी रस्त्यावर आडवा झालो आणि मागच्या चाकाआडून हात घालून ठोकायला लागलो. गंज खाली पडत होता, वेलदोड्याचा वास येत होता आणि वरून आक्का विचारत होत्या, "काय करूलायस रं? जोर न्हाय काय हातात?" एक चाक झालं, मग दुसरं. मी उठलो, दगड काढले, सगळे बाजूला झाले.

"स्वल्प मुंदक्क," गॅरेजवाला कानडीत म्हणाला. आक्कांनी पहिला गियर टाकून गाडी थोडी पुढे रेटली. "आता स्वल्प हिंदक्क." रिव्हर्स टाकून थोडी मागे. पुढे, मागे, पुढे, मागे. सगळी गल्ली त्या तालावर डुलायला लागली. आणि एकदम "टाक्!" असा आवाज झाला. गाडीने टुणकन उडी घेतली, लिंबं फटाफट फुटली आणि रस माझ्या झब्ब्यापर्यंत उडाला. शिट्ट्या वाजल्या. हर्षवायू झाल्यासारखे सगळे ओरडायला लागलो. आक्कांना तर भरूनच आलं. आणि त्या भरात त्यांनी दोन्ही हातांनी कचकन हँडब्रेक ओढला.

"आक्काऽऽ!"

आक्कांनी जीभ चावली, बटण दाबलं, दांडी खाली घेतली. गाडी सरकली. मग मात्र आक्का इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि त्यामुळे निघायला आणखी उशीर झाला.

संकेश्वर मागे पडलं, तवंदीचा घाट उतरलो. ट्रकवाले हॉर्न वाजवत पुढे जायचे आणि आक्का त्यांना "जा बाबा, तुझं घर लांब असंल" म्हणायच्या. दिवेलागणीच्या आधी आम्ही निपाणीत आप्पाच्या दारात उभे होतो. आप्पाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्टिअरिंगमागच्या बहिणीकडे. आक्का उतरल्या. चाकामागे एक धोंडा लावला आणि बोट रोखलं, "हलायचं न्हाय."

"ब्रेक ओढला न्हाईस?" आप्पाने विचारलं.

"त्याला आज सुट्टी हाय."

आप्पाने आपट्याची पानं बहिणीच्या हातात दिली, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "ठेव गाडी." मला त्या वेळी झालेला आनंद माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. हे मी घरी सांगितलेलं नाही.

परतल्यावर आक्कांनी तो बत्ता मलाच देऊन टाकला. "आता हे तुझं हत्यार." तेव्हापासून खंडेनवमीला आमच्या घरी पूजेत बत्ता असतो.

गेल्या उन्हाळ्यात आक्का झोपेतच गेल्या. आदल्या दिवशी त्यांनी गाडी धुतली होती. दिवसकार्य उरकल्यावर आप्पा गाडी न्यायला आला. किल्ली फिरवली, दांडी खाली घेतली, गियर टाकला. गाडीचा मागचा भाग खाली बसला आणि गाडी जागची हलेना. आक्कांच्या दोन्ही हातांनी ओढलेला तो शेवटचा ब्रेक होता.

आप्पाने काच खाली करून आमच्याकडे पाहिलं. काय करायचं ते गल्लीत प्रत्येकाला माहीत होतं. गॅरेजवाला तिथंच उभा होता. बत्ता माझ्या स्वयंपाकघरात होता. पण कुणीच पुढे झालं नाही.

आप्पाने इंजिन बंद केलं. मग खाली उतरला, दार लावलं. "ऱ्हाऊ दे आजचा दिवस," म्हणाला. चार पावलं गेला, परत आला आणि बॉनेटसमोर उभा राहून त्याने बोट वर केलं. बोट तसंच ठेवून त्याने आमच्याकडे वळून पाहिलं.

मग ते आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलं.