टाकं नसलेला डोंगर

दुबईत मंदी आली त्या वर्षी करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक नवीनच रीत पडली. कोणाची नोकरी गेली की त्या घरात सुतक असल्यासारखं वागायचं. शेजारी दारातूनच हलक्या आवाजात विचारपूस करायचे. नोकरी गेलेल्या माणसाने सोफा विकायला काढायचा आणि खाली मान घालून पुण्या-मुंबईचं विमान गाठायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी आमची पाळी आली. मी बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर. टॉवर अर्ध्यावर थांबला, तसा मीही.

त्याच आठवड्यात रास अल खैमाच्या उंच डोंगरावर बर्फ पडल्याची बातमी आली. मुलीने आजवर बर्फ पाहिला होता तो मॉलमधला, मशीनने पाडलेला; तिचा विश्वास बसेना. "बाबा, रिअल स्नो? नॉट द मॉल वन?"

"शुक्रवारी सुट्टी आहे, जाऊन बघू," मी म्हणालो. सुतक पाळायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. बँकेत होते, अजून शाबूत होते. माझ्या पाठीवरची सॅक बघून म्हणाले, "अहो, व्हिसा कॅन्सल होतोय तुमचा आणि निघालात कुठे?"

"डोंगर चढायला."

"चढा, चढा. नाहीतरी आता उतरायचंच आहे." मग बायकोकडे बघून, "वहिनी, शाळेत नोकरी मिळतेय म्हणे? म्हणजे साहेब आता बायकोच्या व्हिसावर! भाजीला पैसे देत जा हां त्यांना."

ते हसले. बायको हसली नाही. मी हसलो.

ती गणिताची शिक्षिका. एका भारतीय शाळेने तिला एप्रिलपासून बोलावलं होतं. शिक्षिकेला नवऱ्याचा व्हिसा काढता यायचा. ती हो म्हणाली असती तर आम्ही राहू शकलो असतो, मुलीची शाळाही सुटली नसती. पण मग ती माझी स्पॉन्सर आणि माझ्या पासपोर्टवर मी तिचा अवलंबित ठरणार होतो. पुढे मला नोकरी करायची झाली तर तिचं ना-हरकत पत्र लागणार होतं. रविवारी शाळा उघडली की उत्तर द्यायचं होतं आणि मी रोज "बघू" म्हणत होतो. पुण्यातली तिची नोकरी मीच सोडायला लावली होती. इथे आल्यावर 'गरज काय' म्हणून तिला घरी बसवलं होतं. आता तिच्याच आधाराने कोणत्या तोंडाने राहायचं? हा विचार रात्रंदिवस डोक्यात होता. त्याला मी स्वाभिमान म्हणत होतो.

कच्चा रस्ता संपला तिथे गाडी लावून आम्ही चढायला लागलो. पावसाने दगडांच्या फटींत बारीक हिरवं उगवलं होतं. वर निळ्या आभाळाखाली शिखराची पांढरी कड दिसत होती. मी कॉलेजात असताना सह्याद्रीतले किती किल्ले पालथे घातले, ते मुलीला ऐकवत होतो. ऊन चढलं, वाट संपून नुसती घसरडी खडी लागली, आणि मुलीने पाणी मागितलं. बाटलीत दोन घोट होते.

"दुसरी बाटली?" बायकोने विचारलं.

"एवढंच आणलं होतं."

"तिघांना? एवढ्या चढाला?"

खरं कारण सांगायला मला लाज वाटली, पण सांगितलं. आमच्याकडे किल्ल्यावर कातळात खोदलेलं टाकं असतंच. आम्ही कधी पाणी वाहून नेलं नव्हतं. वर पोचायचं, टाक्यात बाटली बुडवायची. सॅक भरताना हाताने सवयीने तेवढंच पाणी घेतलं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "इथे कुठल्या राजाने टाकं खोदून ठेवलंय तुमच्यासाठी?"

मुलीला हसू आलं. "बाबा, सीरियसली?"

"परत फिरू," मी म्हणालो. "माझीच चूक. सॉरी. तुम्हाला उगाच इथवर आणलं."

"खाली उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या निम्म्यात वर पोचू," ती म्हणाली. "वर बर्फ आहे. बर्फ म्हणजे पाणीच." तिने ते दोन घोट मुलीला पाजले, ओढणी कमरेला बांधली आणि पुढे झाली. मी मागून चालत राहिलो. ती कुठे पाय ठेवते ते बघून पाय ठेवत होतो.

माथ्याच्या अलीकडे, सावलीतल्या खाचेत, बर्फ गुडघाभर साचला होता. वरचा थर धुळीने मळलेला होता. मुलीने तो हाताने बाजूला केला आणि आतला पांढरा बर्फ तोंडात कोंबला. "इट्स डर्टियर दॅन द मॉल," ती ओरडली, "बट इट्स फ्री!" बायकोने बाटलीत बर्फ ठासून भरला आणि उन्हात तापलेल्या दगडावर ठेवला. तो वितळायची वाट बघत आम्ही बसलो.

"मी खरंच चुकलो," मी पुन्हा सुरू केलं. "पाण्याचं, तुझ्या नोकरीचं, सगळंच..."

"पुरे," ती म्हणाली. "तुम्ही सॉरी म्हणता आणि मोकळे होता. मी मात्र तिथल्या तिथेच. मला तुमची माफी नको होती, उत्तर हवं होतं. राहायचं की जायचं?"

समोर खाली डोंगरामागे डोंगर, त्यांच्यापलीकडे समुद्राची करडी रेघ. मला एकदम राग आला. मंदीचा, कंपनीचा, लिफ्टमधल्या त्या हसण्याचा, आणि त्यात मिसळलेल्या माझ्या हसण्याचा. मी कोणाला घाबरत होतो? जो आपल्या दारातून आतही येत नाही, त्याला?

"राहायचं," मी म्हणालो. "तुझ्या व्हिसावर."

"नक्की? नंतर तोंड पाडून बसायचं नाही."

"नाही बसणार."

"मग चला माथ्यावर," ती उठत म्हणाली. "अर्ध्यातून परत गेलो तर ही आयुष्यभर बोलून दाखवेल." मुलगी आधीच पुढे पळाली होती.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं व्हिसाचे कागद अरबीत टाइप करून घ्यायला टायपिंग सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरचा मल्याळी मुलगा सभ्य होता. माझी पंचाईत होऊ नये म्हणून त्याने आवाज खाली आणून विचारलं, "सर, स्पॉन्सर... मॅडम है क्या?"

मागे लांब रांग होती. त्यात माझ्यासारखेच पुष्कळ पुरुष होते, माना खाली घातलेले.

"हां," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. "मॅडम स्पॉन्सर है. मैं उनका पति हूँ."

दोन-तीन माना वर झाल्या. बायकोने मला कोपराने ढोसलं, पेन उचललं आणि ठसठशीत सही केली.