हात कुठं संपतो

दुपारी लाइट जाते आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात. खडखडाट इतका अचानक तुटतो की इंदुमतीला वाटतं, आपलेच कान गेले. ती कॉटवर पडून आहे. डोळे मिटलेले, पण झोप अजून उंबऱ्याच्या बाहेरच. उजवा हात उशीवर उताणा, उघडा.

त्या हाताला काहीच लागलेलं चालत नाही. पंख्याचा वारा नाही, पदराचं टोक नाही, माणसाचं बोट तर नाहीच. कधी काळी याच हातानं अर्ध्या इचलकरंजीची ब्लाउजं बेतली. मग मोरीत पाय घसरून मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण आत जी आग लागली ती विझलीच नाही. डॉक्टर म्हणाले, एक्स-रे चांगला आहे. घरचे म्हणाले, मनाचे खेळ.

तसं न म्हणणारं माणूस एकच भेटलं. दवाखान्यातल्या समुपदेशक मेधाताई. इंदुमतीपेक्षा वयानं बऱ्याच लहान, तरी ती त्यांना ताईच म्हणायची. "अंगारावर हात ठेवल्यागत होतंय," ती सांगायची. मेधाताई नुसतं म्हणायच्या, "अंगारावर," आणि गप्प राहायच्या. त्या गप्प राहण्यात इंदुमतीला पाय पसरून बसायला जागा व्हायची.

गेल्या महिन्यात तापाचं निमित्त झालं आणि मेधाताई गेल्या. तेव्हापासून इंदुमतीनं तोंडाला कुलूप घातलंय. दवाखान्यातून फोन आला, नवीन बाई आल्यात, भेटून तर जा. तिनं फोन जावेच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. काल जावेला एवढंच म्हणाली, "नको वाटायलंय आता. सुटायचं एकदा." ही धाकटी जाऊ, महानंदा, ते ऐकून स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आता कुणीतरी तिचं नाव पुकारतं. "इंदुमती कबाडे."

ती उठून चालायला लागते. पायाखाली दवाखान्याची फरशी आहे. बाकांवर माणसं बसलेली आहेत, सगळी पाठमोरी. कुणी कंबर धरलीय, कुणी गुडघा, कुणी दोन्ही हातांनी डोकं. एकही मान वळत नाही. भिंतींवर सूत वाळत घातलंय, पांढरं, ओलं. ती चालते तसं ते सूत दोन्ही अंगांनी जवळ येतं. फरशी संपलेली कळतही नाही. ती पंचगंगेच्या पायऱ्या उतरत असते, आणि पाण्यात, अगदी पाण्याच्या आत, त्या ओळखीच्या खोलीतल्या दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. पाणी कोरडं आहे.

एका खुर्चीत मेधाताई बसल्यात. तीच शेवाळी साडी. केस मोकळे, आणि नदी वाहते त्याच्या उलट बाजूला हलणारे.

"बसा, अक्का."

"ताई, तुम्ही तर…"

"हो. गेले मी."

इंदुमती बसते. भीती वाटायला हवी हे तिला कळतं, पण भीती कुठंतरी मागं, त्या पायऱ्यांवरच राहिलीय.

"दुखत न्हाई ना आता तुम्हाला?" ती विचारते.

"नाही. कुठंच दुखत नाही."

"मग बरं की हो! मलाबी न्या."

पाणी थांबल्यासारखं होतं. मग मेधाताई पूर्वीसारख्याच हळू म्हणतात, "न्या म्हणताय. आणि म्हणताना खुर्ची मागं घेतलीत."

इंदुमती खाली बघते. खुर्ची खरंच हातभर मागं सरकलीय. तिला स्वतःचाच राग येतो आणि रडूही येतं.

"अक्का, आज मी बोलू? ऐकाल?"

असं त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. इंदुमती मान हलवते.

"मला दुखत नाही, पण लागतही नाही काही. पाय टेकलाय की नाही, कळत नाही. हात पुढं केला की तो जातच राहतो. माझा हात कुठं संपतो, तेच मला कळत नाही, अक्का." आवाज त्यांच्या ओठांच्या जरा मागून येतो. "मी फार पसरलेय. मला भीती वाटते."

'होईल सगळं नीट' हे इंदुमतीच्या जिभेवर येतं. हेच ऐकून ऐकून ती स्वतः किती विटली होती! ती ते गिळते.

"कळत न्हाई," ती म्हणते. "कुठं संपतो ते."

"हो."

आणि ती गप्प बसते. वर, पायऱ्यांवर, बाकांवरची माणसं एकेक करून वळायला लागलीत. त्यांना चेहरे आहेत, पण अजून कुणी ते उघडलेले नाहीत.

"धराल माझा हात?" मेधाताई विचारतात.

इंदुमती डावा हात उचलू बघते. तो जागचा हलत नाही. तो तिकडं घरी, कॉटवर झोपलाय. इथं आहे तो उजवाच. ती त्याच्याकडे बघते, मग मेधाताईंकडे. आणि पुढं करते.

पाच थंडगार बोटं तिच्या मनगटात हाडापर्यंत रुततात. असं आजवर कधी दुखलं नव्हतं. ती किंचाळते, तोंडातून सुताचा धागा निघावा तसा आवाज निघतो आणि पाण्यात तरंगत जातो. पण ती हात सोडवून घेत नाही.

"हां," मेधाताई म्हणतात. त्यांचे ओठ आणि आवाज आता एका जागी आलेत. "आलं लक्षात. इथं संपतो माझा. इथून तुमचा सुरू होतो."

पायऱ्यांवरची माणसं उतरायला लागलीत, हात पुढं करून. मेधाताई त्यांच्याकडे बघतात आणि कामावर निघालेल्या बाईसारखा पदर खोचतात.

"आजची वेळ संपली, अक्का."

लाइट येते. गल्लीतले माग एकामागून एक धडधडायला लागतात.

महानंदा चहाचा कप घेऊन दारात उभी आहे, पण आत येत नाहीय. ती उशीकडे बघतेय.

"अक्का, कोण आलतं?"

"का गं?"

"तुझा हात बघ."

इंदुमती बघते. मनगटावर चार बोटांचे पांढरे ठसे उमटलेत, आतल्या बाजूला अंगठ्याचा. लांबसडक, निमुळती बोटं. घरात अशी बोटं कुणाचीच नाहीत. आग होतेय, नेहमीसारखीच होतेय.

"मी दाराशीच बसलेली. कोण आत गेलं न्हाई," महानंदा दारातूनच म्हणते. "तू तर पदरबी लागू देत न्हाईस. कुणी धरला?"

"कप ठेव खाली," इंदुमती म्हणते. तिचाच आवाज तिला कितीतरी दिवसांनी ऐकू येतो. "बस हितं. सांगते. मधी बोलू नको फक्त."

महानंदा कॉटच्या कडेला टेकते. इंदुमती सांगायला लागते. सांगता सांगता बोटांचे ठसे एकेक करून भरून येतात, कातडी पुन्हा लाल होते. अंगठ्याचा तेवढा दिवेलागणीपर्यंत तसाच राहतो. महानंदा न राहवून त्याच्यावर बोट टेकवते आणि चटकन मागं घेते.

तेवढी जागा बर्फासारखी गार आहे.