गार पाण्याची बादली

गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी रंग बघतो, मग हॉर्न वाजवतो आणि मग मालकाचा चहा पितो. एकदा चहा पोटात गेला की इंजिन कसंही असलं तरी त्याला ते गोडच लागतं. हे मी इतक्या जणांना सांगितलं की पुढे पुढे माझा मलाच कंटाळा आला. अरे, आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, थंड इंजिनाची खोड लपवायला तुम्ही यायच्या आधीच मालकाने गाडी चालू करून ठेवली होती. तसेच मागे फिरा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी कधी ओतू नका. इंजिनाच्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, तडा जातो, मग देवही सांधत नाही.

मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होतो. श्रीरामपूरच्या आसपास कुणाला जुनी जीप, ट्रक, मोटारसायकल काहीही घ्यायचं झालं की माझ्याकडे निरोप यायचा. मी तोंडाचा फटकळ. लोकांना राग यायचा, तरी ते यायचेच, कारण माझा शब्द खोटा ठरत नसे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

माझी स्वतःची जीप मी एका ठेकेदाराकडून घेतली होती. नगरला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, त्यातून त्याने ती उचललेली. तीन सकाळी जाऊन मी ते इंजिन थंड असताना ऐकलं आणि तिन्ही वेळा ठेकेदाराच्या चहाला हात लावला नाही. थोरल्या भावाला, दादाला, ती डोळ्यासमोर नको असायची. "वैरन खात न्हाई म्हन्तोस, पर पेट्रोल पिती. आन् शेन बी देत न्हाई," असं तो चारचौघांत म्हणायचा. दादाने गाडीविषयी मला कधी काही विचारलं नाही, म्हणून मीही त्याला कधी काही सांगितलं नाही.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पाटाला पाणी नव्हतं. दादाची दोनशे मोसंबी विहिरीवर कशीबशी तगली होती. खांद्यावर हंडे वाहून वाढवलेली झाडं ती, नुकती फळाला आलेली. ऐन मे महिन्यात विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाचा दांडा तुटला. नवा मुंबईहून यायला पंधरा दिवस. दादा माझ्या अंगणात आला, जीपकडे बघत उभा राहिला आणि काही न मागता परत गेला. पानं वळायला लागली होती, ते मीही पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जीप विहिरीवर नेली. तीन चाकांना दगड लावले, मागचं एक चाक जॅकवर उचललं, टायर काढला आणि उघड्या रिमवरून पंपाला पट्टा दिला. धावत्या गाडीला वारा लागतो, उभीला लागत नाही. असं चालवणं मला पसंत नव्हतं, पण मत बाजूला ठेवलं. दोन दिवस मी इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर डोळा ठेवून बसलो. काटा चढला की थांबायचं, निवू द्यायचं, पुन्हा सुरू. पाणी सरीत उतरलं की दादा ते पायाने चाचपून बघायचा.

तिसऱ्या दुपारी माझे डोळे मिटायला लागले. दादाला म्हणालो, "काटा तांबड्यावर आला की मला उठवा." आणि झाडाखाली आडवा झालो.

जाग आली ती आवाज थांबल्याने. जीपमधून वाफ येत होती आणि दादा रिकामी बादली घेऊन उभा होता.

"लई तापली हुती," तो म्हणाला. "तू दोन दिस झोपला न्हाईस, म्हनून उठिवलं न्हाई. हिरीतलं ताजं गार पानी वतलं."

मी खाली वाकलो. इंजिनाच्या ब्लॉकला वीतभर तडा गेला होता. खरं सांगायचं तर मला रडू आलं. दादाने विचारलं, "माझ्या हातनं काय झालं का?"

त्याचा चेहरा बघून मी म्हणालो, "न्हाई. तडा जुनाच हुता. मीच फसलो घेताना."

शेवटी दुसऱ्याचं इंजिन भाड्याने आणून आम्ही उरलेले दिवस काढले. बाग वाचली. दादाने मात्र भावाच्या कळवळ्याने ती गोष्ट सगळ्या गावाला सांगितली. "भोळा हाय माझा भाऊ. त्या ठेकेदारानं फुटकं इंजिन गळ्यात मारलं." हळूहळू माझ्याकडे येणारे निरोप थांबले. ज्यांना मी वर्षानुवर्षं शिकवलं तेच मला हसून विचारायचे, "गाडी घेताना मालकाचा चहा प्यायला लागलात वाटतं?" मी ऐकून घेत होतो. थकलेला माणूस भांडत नाही.

दोन वर्षांनी मोसंबीच्या पैशांतून दादा जुना ट्रॅक्टर बघायला निघाला. सोबत त्याने कारखान्यातला दुसरा फिटर घेतला होता. वाटेत माझ्या ओट्यापाशी थांबला आणि मायेनेच म्हणाला, "तू नको येऊस. तुला उगं वाईट वाटल."

मी मान हलवली. गप्प बसायला हवं होतं. पण जन्माची खोड, तोंडातून गेलंच, "दादा, घ्या, पर एक ध्यानात ठेवा. तापल्यावर त्यात गार पानी वतू नका. तडा जातो."

तो निघाला. चार पावलं गेला आणि थांबला.

"बादली मीच वतली हुती," तो म्हणाला.

"इंजिन जुनं हुतं, दादा."

"आन् गावभर सांगत फिरलो मी."

तो परत आला आणि माझ्याशेजारी ओट्यावर बसला. दुसरा फिटर थोडा वेळ वाट बघून निघून गेला. त्या दिवशी ट्रॅक्टर बघायला कुणी गेलं नाही.