कोपऱ्यातला अंगठा

फोनने सकाळी सकाळी कळवलं, की जागा संपली. तीन खोल्यांत आमचा संसार मावतो, पण माझा फोन कायम भरलेला. नवरा म्हणाला, "रोजचे तीस-तीस गुलाब ठेवशील तर आणखी काय होणार?" त्याचं खरं होतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर येणारे गुलाब, उगवते सूर्य, वाफाळते चहाचे कप माझ्याच्याने पुसवत नाहीत. कुणीतरी प्रेमाने पाठवलेलं असतं. शेवटी मन घट्ट केलं आणि चहा घेऊन पुसायला बसले.

पुसता पुसता लक्षात आलं, की एवढ्या फोटोंत माझी मोठी बहीण कुठेच नाही. अक्का सोयगावला असते. घरातल्या प्रत्येक लग्नाला, बारशाला सगळ्यांच्या आधी येते आणि सगळ्यांच्या शेवटी जाते. पण फोटोत तिचा फक्त अंगठा आहे. डाव्या कोपऱ्यात, लालसर, पुसट. कारण फोटो नेहमी तीच काढते आणि तिचा अंगठा नेहमी मध्ये येतो.

हे कधी सुरू झालं ते मला चांगलं आठवतं. अक्काचे यजमान, आमचे भाऊजी, वारल्यानंतरचं घरातलं पहिलं लग्न होतं. सगळ्या बायका नवरीभोवती जमल्या, अक्का जरा मागे रेंगाळली, आणि मी मोठ्या समजूतदारपणे माझा फोन तिच्या हातात दिला. "अक्का, तू काढ गं." तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून दिला, असं मी दहा वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर अवघडल्यासारखं मला झालं होतं. आता माझाच मला राग आला, आणि चहा तसाच राहिला.

तेव्हाच ठरवलं, अक्काचा एक तरी चांगला फोटो काढायचा.

गेल्या महिन्यात ती डोळे तपासायला आमच्याकडे राहायला आली. दुपारी गॅलरीत मेथी निवडत बसली होती. तोंडावर छान ऊन आलं होतं. मी फोन रोखला तशी म्हणाली, "माझा कशाला? त्या मेथीचा काढ." पण तेवढ्यात हसली, आणि मी बटण दाबलं. मागचं सगळं पुसट करायची सोय फोनमध्ये असते. ती वापरल्यावर वाळत घातलेले कपडे गेले, रिकामं सिलिंडर गेलं, उरली एकटी अक्का. ती किती देखणी आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमची अक्का...' सकाळची वेळ, म्हणून रामरामाचे दोन हात जोडले. फोन चार्जिंगला लावला आणि फिरायला गेले.

परत आले तर ग्रुपवर चाळीसेक मेसेज. पहिला 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दुसरा तोच. तिसऱ्याने पणती लावलेली. नवऱ्याने चष्मा लावून माझा मेसेज पाहिला आणि कपाळावर हात मारला. "एकट्या म्हातारीचा फोटो, तीन टिंबं आणि जोडलेले हात? अगं, तू बहिणीला पोचवलंस!"

तेवढ्यात बिडकीनहून चुलतभावाचा फोन. "माती किती वाजता हाय? आम्ही निघालोच." माझी त-त-प-प चाललेली पाहून अक्काने ओल्या हाताने फोन ओढून घेतला.

"हां, बोल. कोण गेलं म्हणायलास?"

घाबरा आवाज आला, "अक्का... तूच."

"मी कुठं जायलेय? इथं भांडी घासायलेय."

तिकडून आधी हुंदका आला, मग शिव्या आल्या. त्या माझ्यासाठी होत्या.

मला वाटलं, संपलं. आता ही पुन्हा कधी फोटोला उभी राहणार नाही. मी घाईने फोटो पुसायला गेले, तर तिने हात धरला. "थांब. काय काय लिव्हलंय, वाच आधी."

मी वाचत गेले. भाचीने लिहिलं होतं, 'माझ्या बाळंतपणात अक्का सव्वा महिना माझ्या उशाशी होती, मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.' पुतण्याने लिहिलं होतं, 'तिच्या शेंगदाण्याच्या चटणीवर माझं सगळं कॉलेज झालं.' अक्का ऐकत राहिली. पदराने हात पुसले, मग डोळे.

"एवढं ध्यानात हाय व्हय त्यांच्या? मला वाटायचं, मी कुणाला दिसतच नाय."

मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, त्या लग्नात तुझ्या हातात फोन मीच दिला होता."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "पर मी बी घेतलाच ना." आणि फोटोवर बोट ठेवून, "पुसू नको त्यो फोटो. लई चांगला आलाय."

मागच्या रविवारी बिडकीनला साखरपुडा होता. फोटोसाठी सगळे जमले आणि सवयीने कुणीतरी अक्कापुढे फोन धरला. तिने तो घेतला आणि थेट माझ्या हातात ठेवला. "मी एकदा मरून आलेय. आता कुणाला भ्यायचंय?" असं म्हणत ती नवरीच्या शेजारी, अगदी मधोमध, जाऊन उभी राहिली. बायका हसल्या आणि सरकून जागा केली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, तशीच बटण दाबत राहिले.

तो फोटो शहागंजात फ्रेम करायला टाकला. दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि डाव्या कोपऱ्यातल्या लालसर डागावर बोट ठेवलं. "बहनजी, किसी का अंगूठा आया है. काट दूँ?"

म्हटलं, "नको, राहू द्या. दहा वर्षं तिथं माझी बहीण उभी होती."