पाटील माझे भिडू

पत्ते पिसले की मागचा डाव पुसला जातो म्हणतात. साफ खोटं! आमच्या नंदुरबारच्या क्लबात डाव संपायचा, पण किस्सा मागे उरायचा. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. ब्रिजच्या टेबलावर आम्ही चौघं: डॉक्टर, कापसाचे व्यापारी मोतीशेठ, सारंगखेड्याचे दगाजी पाटील आणि मी वकील. डॉक्टर आणि शेठ एका बाजूला, पाटील माझे भिडू.

*

डॉक्टरांनी मुंबईहून पुस्तक मागवून आम्हाला बोलीची सिस्टीम शिकवली. पानं चांगली असली की पहिल्याच बोलीत भिडूला कळवायचं. पाटलांचा पिढीजात धंदा घोड्यांचा. तीन एक्के हातात धरून ते शांतपणे म्हणाले, "पास!"

डाव गेल्यावर मी कपाळाला हात लावला.

"पहिलेच खरा भाव सांगी दिधा ते मंग सौदा कसाना, वकीलसाहेब?"

*

शेठ जैन. दिवस मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे. भिडूने बोली जिंकली की आपली पानं टेबलावर उघडी मांडायची आणि आपण 'डमी', म्हणजे त्या डावापुरते मोकळे! त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळी शेठ डॉक्टरांची बोली डोळे मिटून वाढवायचे.

एकदा डॉक्टर असेच चार इस्पिकपर्यंत चढले. शेठनी पानं मांडली, त्यात इस्पिक एकच! डॉक्टर ओरडले, "शेठ, या एका पानावर मला वर चढवलंत?"

शेठ टोपी घालत उठले. "डॉक्टरसाब, पत्ते छोडो, सूरज देखो!"

*

पुढचा धडा इशाऱ्यांचा. भिडूच्या पानावर जरा मोठं पान टाकलं की अर्थ, 'हाच रंग परत आण.' त्यासाठी सत्ती-अठ्ठी पुरते. मी बदामचा एक्का खेळलो, तर पाटलांनी त्यावर धाडकन राजा टाकला!

"अहो, राजा कशाला वाया घालवलात?"

"मन्हा हातमा जोर शे, हाई तुमले समजाले नको का?"

*

असे आम्ही, आणि एका वर्षी धुळ्याची टीम मॅचला आली. हरलात तर तुमची पत्त्यांची खोली बिलियर्डवाल्यांना देणार, असं सेक्रेटरींनी बजावलेलं. त्या खोलीत आमचा जीव होता.

शेवटच्या डावापर्यंत बरोबरी. आमच्या टेबलावर, पाटील आणि माझ्याविरुद्ध, डाव खेळत होते धुळ्याचे कॅप्टन. "मी पानं नाही, चेहरे वाचतो," असं सकाळपासून सांगत होते. सगळं अडलं होतं चौकटच्या राणीवर. ती माझ्याकडे की पाटलांकडे, एवढंच त्यांना ओळखायचं होतं.

कॅप्टन पाटलांच्या तोंडाकडे टक लावून बसले. पाटलांचा चेहरा असा पडलेला, की यांच्या हातात एक चित्राचं पानसुद्धा नसावं. मी माझी पानं पुन्हा तपासली. न जाणो, राणी माझ्याकडेच असायची!

कॅप्टन हसले. राणी माझ्याकडे धरून त्यांनी गुलाम चालवला. पाटलांनी अलगद राणी टाकून हात उचलला. डाव बुडाला, खोली वाचली. शेठनी दुसऱ्या टेबलावरून येऊन मला मिठीच मारली.

कॅप्टन अजून पाटलांकडेच बघत होते. "पण तुमच्या तोंडावर तर काहीच दिसलं नाही!"

पाटील म्हणाले, "साहेब, घोडा लेवाना व्हई ते घोडाना दात देखाना. घोडावालानं तोंड देखीसन घोडा कोन लेस?"