अहिल्याकाकूंचं टेबल
लास वेगासच्या मराठी मंडळात अहिल्याकाकूंच्या पुरणपोळीला जेवढा मान होता, तेवढा त्यांच्या नोकरीला नव्हता. "ही हॉटेल लाइनमध्ये आहे," एवढं सांगून रवींद्रकाका विषय बदलायचे. काकूंना याचा भयंकर राग यायचा. कित्येक वर्षं त्या एका जुनाट कॅसिनोत पत्ते वाटत होत्या, चोख वाटत होत्या, आणि आता तो कॅसिनोच बंद पडला होता.

दुसरं कुणी असतं तर घरी बसलं असतं. काकूंनी शहरातल्या सगळ्यात झगमगीत रिसॉर्टमध्ये अर्ज ठोकला. तिथे तरणी पोरं भरदुपारी पोहण्याच्या तलावात उभी राहून नाचतात, गायक-नट येऊन जातात आणि पाण्याला लागूनच ब्लॅकजॅकची, म्हणजे पत्त्यांच्या जुगाराची, टेबलं मांडलेली असतात. पत्ते वाटणाऱ्या मुली काकूंच्या लेकीहून लहान.

"अगं, तिथे तुला कोण घेणार? उगाच हसं होईल," काका म्हणाले.

"होऊ दे. पत्ते मी वाटते, माझं वय नाही वाटत."

खऱ्या गिऱ्हाइकांसमोर पत्ते वाटून दाखवायचे, हीच तिथली परीक्षा. काकू टेबलामागे उभ्या राहिल्या. सुपरवायझर डेनिस हाताची घडी घालून बघत होती. तिचा नकार चेहऱ्यावर आधीच तयार होता. पण काकूंचा हात बसलेला. दोन डावांत टेबल रंगलं.

तेवढ्यात एका नामांकित गायकाच्या टोळक्यातून एक ओलाचिंब मुलगा आला आणि थबकला. मंडळातल्या वसुधाचा वेद. त्याला बाराखडी काकूंनीच शिकवलेली. त्यानं हातातला ग्लास ठेवला, टेबलाला वळसा घातला आणि सरळ काकूंच्या पायाशी वाकला. घरची सवय, दुसरं काय!

टेबलाच्या आतल्या बाजूला गिऱ्हाईक येणं म्हणजे तिथे भलताच गुन्हा. डेनिस धावत आली. प्यायलेला कुणी पोरगा आहे म्हटलं असतं, तर निभावलं असतं. पण वाकलेल्या पोराची ओळख नाकारायची? ते त्यांना जमणार नव्हतं.

त्यांनी पत्ते खाली ठेवले. टाळी वाजवली, दोन्ही तळवे उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवले. हातात काही लपवलेलं नाही, हे दाखवल्याशिवाय पत्ते वाटणाऱ्या डीलरनं टेबलावरून हात काढायचा नसतो. मग तोच रिकामा हात वेदच्या डोक्यावर ठेवला.

"सुखी राहा. आता पलीकडे हो बघू."

"सॉरी काकू. तुमचा जॉब मेस अप केला का मी?"

काकू डेनिसकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "हा माझ्या ओळखीचा आहे. ओळखीच्याला पत्ते वाटायचे नसतात; हा इथे असेपर्यंत मी वाटणार नाही."

"इथे सेलिब्रिटी दिसला की माझ्या मुली हात दाखवायला विसरतात," डेनिस म्हणाली. "शनिवारी कामावर या."

घरी आल्यावर काकूंनी वसुधाचा नंबर लावून फोन काकांच्या हातात दिला. "मंडळाच्या शनिवारच्या कार्यक्रमाला पुरणपोळ्या मिळणार नाहीत म्हणावं. आणि का नाहीत, तेही सांगा."

काका घुटमळले. काकू समोरून हलल्या नाहीत.

"वसुधा, अहिल्याला शनिवारी जमणार नाही," काका म्हणाले, आणि घसा खाकरून पुढे म्हणाले, "ती कॅसिनोत पत्ते वाटते. तिची ड्यूटी आहे."