दादांची सहिष्णुता

माझे वडील, आमचे दादा, उज्जैनच्या शाळेत इतिहास शिकवायचे. माणूस लाखात एक, पण माईक हातात आला की आवरणं कठीण. भैरवगढला कापडावर ठशांनी छपाई करणारे एक चाचा त्यांचे जिवलग दोस्त. देवास गेटला बसवर मालाचे गठ्ठे चढवले की चाचा आमच्याकडे टेकायचे. आई त्यांना निळ्या फुलांच्या कपात चहा द्यायची. तो कप दुसऱ्या कुणाला मिळत नसे. मी एकदा हट्ट केला तर चाचा हसून म्हणाले, हा तुझ्या आईनं खास माझ्यासाठी ठेवलाय, हात नको लावू. आई पदराला हात पुसत आत गेली.

आमचं मध्यभारत राज्य मोडून भोपाळ राजधानी होणार होती, त्या वर्षीची गोष्ट. नव्या प्रांतात आपल्याला कोण विचारणार, म्हणून मराठी मंडळी धास्तावलेली. आमच्या मोहल्ल्याच्या गणेशोत्सवात वादविवादाला विषय ठेवला सहिष्णुता, आणि सगळ्यांना कळावं म्हणून भाषा हिंदी. चाचा दादांना ऐकायला पुढच्याच रांगेत बसले होते.

एक तरुण वकील म्हणाला, शेजाऱ्याला आपल्या पंगतीत बसवत नाही तोवर सहिष्णुतेच्या बाता मारू नका. झालं, दादा पेटले. ज्यानं त्यानं आपला धर्म पाळावा आणि तरी प्रेम राहावं, हीच खरी सहिष्णुता, म्हणाले. माझे हे मित्र इतकी वर्षं घरी येतात, त्यांचा कप आम्ही वेगळा ठेवतो, वेगळा विसळतो, कधी वाकडा शब्द झालाय आमच्यात? दादांना यात काडीचंही वावगं वाटलं नाही, हेच तर दुःख. बक्षीसही त्यांनाच मिळालं. चाचा मान खाली घालून टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर चाचा आले नाहीत. नवरात्र गेलं, दिवाळी गेली. दार वाजलं की दादा ताटावरून उठायचे. दोस्त गेला या विचारानं माणूस अर्धा झाला. शेवटी मला घेऊन ते भैरवगढला गेले. चाचांनी मिठी मारली, चटई अंथरली. चाचींनी दोन पेले पाणी आणलं. मी गटागट प्यायले. दादांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि हात तिथंच थांबला. प्यायचं होतं हो त्यांना, कपाळावर घाम फुटला होता. प्या ना दादा, एकदाच प्या, मी मनातल्या मनात ओरडत होते.

चाचांनी हळूच त्यांच्या हातातून पेला काढून घेतला.

"आज ग्यारस है ना, मास्टरसाब? मैं तो भूल ही गया."

खरंच निर्जळी एकादशी असल्यासारखी दादांनी होकाराची मान हलवली. सकाळी आम्ही दोघं वरणभात जेवून निघालो होतो, आणि आमचे उपास चाचांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होते. परतताना टांग्यात दादा रडले. मी त्यांची समजूत काढली नाही.